प्राडोमागे सतरा फुटी कॅरॅव्हॅन: वजनकाट्यावर उतरलेली जोडी

आमची गाडी २०२१ ची टोयोटा प्राडो जीएक्सएल, २.८ लिटर डिझेल. मागे जेकोची सतरा फुटी, दोन अ‍ॅक्सलची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीने ओढायचं चाकांवरचं घर, आत मुलांसाठी बंक. दोन्ही वापरलेल्या घेतल्या. मत आधीच सांगून टाकते: जोडी उत्तम आहे, पण शोरूममध्ये ज्या कारणासाठी उत्तम म्हणतात त्या कारणासाठी नाही.

शोरूमवाला सांगतो, "प्राडो तीन टन ओढते." खोटं नाही ते. ब्रेक असलेला ट्रेलर ३००० किलोपर्यंत, टो बॉलवर (ट्रेलर जोडायचा गाडीमागचा गोळा) ३०० किलोपर्यंत भार, हे टोयोटाचेच आकडे. मेलबर्नमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत हा एक आकडा सगळ्यांना पाठ आहे. लोक तो खिशात घालून कॅम्पबेलफील्डच्या कारखान्यांमध्ये कॅरॅव्हॅन बघायला जातात आणि २८०० किलोची पसंत करून येतात. तीन टनांच्या आत आहे ना, मग झालं!

झालं नाही. गाडीला आणखी एक आकडा असतो, जीव्हीएम. प्राडोचा २९९० किलो. म्हणजे गाडी, टाक्यांतलं डिझेल, बसलेली माणसं, डिकीतलं सामान, टपावरचं सामान, हे सगळं मिळून गाडीच्या चार चाकांवर यापेक्षा जास्त वजन नको. आणि ज्या गोष्टीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ती म्हणजे टो बॉलवर दाबलेला भार. तो कॅरॅव्हॅनचा असला तरी उचलते गाडी, म्हणून तोही याच २९९० मध्ये धरायचा.

मी अकाउंट्समध्ये काम करते. नवऱ्याला गाड्यांचा नाद, मला बेरजेचा. म्हणून गाडी घेतल्यावर आधी तिला एकटीला सार्वजनिक वजनकाट्यावर नेली. दोन्ही टाक्या काठोकाठ (८७ आणि ६३, मिळून १५० लिटर), टो बार बसवलेला, आत माणूस कोणी नाही, सामान नाही. काटा म्हणाला २४४०. म्हणजे राहिले ५५०.

आता घरची माणसं. नवरा ८४, मी ६२, सासूबाई ५८, थोरला ४५, धाकटी ३१. झाले २८०. राहिले २७०. समजा मागे खरंच ३००० किलोची कॅरॅव्हॅन लावली आणि बॉलवर ३०० किलो पडले, तर डिकी रिकामी ठेवूनही आम्ही ३० किलोंनी मर्यादेबाहेर. जाहिरातीतले तीन टन ओढायचे तर सासूबाईंना घरी ठेवायला हवं. असं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग तीन टन तुम्हीच ओढा, मी रेल्वेने येते."

आमची कॅरॅव्हॅन भरून २३९० किलो आणि बॉलवरचा भार २२५. म्हणजे २७० मधून २२५ गेले, उरले ४५. त्या ४५ मध्ये एस्की (बर्फाची पेटी), हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर, जॅकखाली ठेवायची फळी, मुलांच्या बॅगा. बस्स. टपावर काही नाही. पुढे बुलबार, म्हणजे जनावर आडवं आलं तर गाडी वाचवणारा जाड दांडा, नाही. नवऱ्याला हवा होता, पण त्याचं वजन कुठून आणणार? ही गाडी जोडीला घ्यायची तर असं ४५ किलोंत संसार करायची तयारी पाहिजे. मला चालतं. टप भरून, बुलबार लावून, दोन बॅटऱ्या आणि ड्रॉवर बसवून शिवाय अडीच टनी कॅरॅव्हॅन लावायची असेल त्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.

कॅरॅव्हॅनच्या प्लेटवर दोन आकडे महत्त्वाचे. टेअर म्हणजे कारखान्यातून निघालेली रिकामी, आमची २०८०. एटीएम म्हणजे भरून, हिचवरून (जोडणीवरून) सोडलेल्या अवस्थेत जास्तीत जास्त, आमची २४८०. मधले ४०० किलो आपले. ऐकायला भरपूर वाटतात. पण टेअरमध्ये पाणी नसतं, गॅस नसतो. ८२ लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १६४ किलो तिथेच गेले. नऊ किलोच्या दोन बाटल्यांतल्या गॅसचे १८. उरलं त्यात अंथरूण-पांघरूण, कपडे, खुर्च्या, टेबल, बाजूला लावायचा अ‍ॅनेक्स तंबू. आणि आमचं स्वयंपाकघर.

इथले बाकीचे लोक कॅरॅव्हॅनमध्ये एक फ्रायपॅन आणि चार मग घेऊन निघतात. आमच्याकडे पाच लिटरचा कुकर, त्याची भांडी, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं, खलबत्ता, मिक्सर, कणकेचा डबा, तांदूळ, दोन डाळी, तेलाचा कॅन, लोणच्याची बरणी, मसाल्याचा स्टीलचा डबा. मी एकदा बाथरूमच्या काट्यावर सगळं ठेवत गेले. मिक्सर सोडूनच बेचाळीस किलो! खलबत्ता आणि मिक्सर दोन्ही कशाला, यावर घरात चर्चा झाली. मिक्सर राहिला घरी. खलबत्ता आला, कारण तो कोणाचा आहे ते सांगायला नको.

पाणी आता एकाच टाकीत भरतो, अ‍ॅक्सलच्या पुढच्या. दुसरी टाकी कॅरॅव्हॅन पार्कमध्ये पोचल्यावर. नळ तिथे असतोच, ८२ किलो पाणी अडीचशे किलोमीटर फिरवून आणायचं कारण नाही.

हे सगळं खरं कळलं ते घरी येऊन वजन करून देणाऱ्या सेवेमुळे, आणि या जोडीवर जे पैसे खर्च केले त्यातले सगळ्यात सत्कारणी लागलेले मी तेच धरते. एक माणूस व्हॅन घेऊन येतो, प्रत्येक चाकाखाली पातळ पॅड ठेवतो, प्रवासाला निघताना भरतो तसंच सगळं भरून घ्यायला सांगतो आणि माणसांनाही गाडीत बसवतो. सासूबाई चप्पल काढून बसायला लागल्या, तेवढंच वजन कमी म्हणून. आधी गाडी एकटी, मग कॅरॅव्हॅन जोडून गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल, मग कॅरॅव्हॅनचं प्रत्येक चाक, शेवटी सोडून जॉकी व्हीलखाली, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टेकूच्या चाकाखाली. काम झाल्यावर कागद हातात: कोणता आकडा किती, मर्यादा किती, शिल्लक किती.

सार्वजनिक वजनकाट्यावर एकूण वजन मिळतं, अ‍ॅक्सलचंही काढता येतं. पण डावी-उजवी बाजू तिथे सहसा कळत नाही. पॅडवर कळलं की आमची कॅरॅव्हॅन डावीकडे ९० किलो जड आहे. फ्रीज, ओटा आणि धान्याचं कपाट सगळं एकाच अंगाला. एटीएमच्या आत असूनही डावीकडच्या टायरांवर ताण जास्त. कुकर, तेल आणि डाळी उजवीकडच्या बाकाखाली गेल्या. सकाळी पोह्यांसाठी तेल काढायचं तर गादी उचलावी लागते, पण टायर वाचले.

या माणसाने आणखी एक गोष्ट दाखवली. त्याने आमच्या दोन सायकली कॅरॅव्हॅनच्या मागच्या बंपरवर अडकवल्या आणि बॉलवरचा भार पुन्हा मोजला. सायकली दोन्ही मिळून तीस किलोही नव्हत्या, तरी बॉलवरचा भार चांगलाच उतरला. मी सांगली जिल्ह्यातली, मला लगेच कळलं. बैलगाडी उलाळ भरली की बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जातं आणि बैलांना धड ओढता येत नाही, तसलाच प्रकार. फरक एवढाच की बैलगाडी ताशी पाच किलोमीटरने जाते आणि ही शंभराने. मागे जड, बॉलवर हलकी अशी कॅरॅव्हॅन वाऱ्याच्या एका फटक्याने शेपूट हलवायला लागते, आणि एकदा ते हेलकावे वाढू लागले की आपली गाडीही सोबत हलवते. म्हणून ऑस्ट्रेलियात भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या साधारण दहा टक्के वजन बॉलवर असावं असा ठोकताळा आहे. आमचे जवळपास साडेनऊ टक्के होतात. सायकली गेल्या आत, बंकच्या पुढे मधल्या वाटेत. प्रवासात तिथे कोणी नसतंच.

आता गाडी रस्त्यावर कशी वाटते ते. इंजिन १५० किलोवॉट, ५०० न्यूटन मीटर; २०२० च्या मध्यानंतरच्या प्राडोंना हे आहे, आधीच्यांना १३० आणि ४५०. ग्रॅम्पियन्सला, हॉल्स गॅपला जाताना वेस्टर्न फ्रीवेवर बॅकस मार्श सोडलं की पेंटलँड हिल्सचा लांबच लांब चढ लागतो. मालाचे ट्रक डाव्या लेनमध्ये रांगत असतात. तिथे प्राडो चौथ्या गिअरवर येते, आवाज वाढतो, ऐंशीच्या आसपास धरून ठेवते. तक्रार नाही. पण जोर आहे असं म्हणणाऱ्यांना मी हाच चढ दाखवीन. या इंजिनला अडीच टन म्हणजे काम आहे, खेळ नाही. तीन टन लावून इथे चढायची मला इच्छा नाही. सपाटीवर मी सहावा गिअर घेऊ देत नाही, निवडक गिअरच्या मोडमध्ये पाचवर ठेवते. येताना त्याच घाटात तिसरा-चौथा आधीच लावून उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही.

डिझेल: एकटी गाडी शंभर किलोमीटरला नऊच्या आसपास, कॅरॅव्हॅन लावली की सोळा. समोरून वारा असला तर बोलूच नका. १५० लिटरची टाकी इथे कामाला येते, नाहीतर दर गावात थांबावं लागलं असतं.

मागचे स्प्रिंग मात्र मऊ. कॅरॅव्हॅन जोडली की गाडी मागून बसायची, पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर. गाडीचं नाक वर गेलं म्हणजे पुढच्या चाकांवरचं वजन कमी झालं, आणि स्टिअरिंग तर तीच चाकं करतात. आम्ही मागे थोडे ताठ कॉइल बसवून घेतले, गाडी सपाट उभी राहायला लागली. त्यावर एका ओळखीच्यांनी अभिनंदन केलं, की आता तुमचा जीव्हीएम वाढला. नाही हो. स्प्रिंग बदलून किंवा स्प्रिंगला आधार देणारी एअरबॅग टाकून कायदेशीर मर्यादा इंचभरही हलत नाही. ती वाढवायची तर प्रमाणित जीव्हीएम अपग्रेड वेगळं करून घ्यावं लागतं, त्याचा कागद आणि प्लेट येते. आणि जीव्हीएम वाढला म्हणून गाडी आणि कॅरॅव्हॅनची एकत्रित मर्यादा, म्हणजे जीसीएम, आपोआप वाढते असंही नाही.

भार पुढच्या चाकांकडे ढकलणाऱ्या वेट डिस्ट्रिब्युशन हिचचा सल्लाही पुष्कळ जण देतात. ती काही गाड्यांना चालते, काहींच्या कंपन्या नको म्हणतात, हँडबुक बघावं. बॉलवरची मर्यादा तिच्यामुळेही वाढत नाही.

जीसीएमचं म्हणाल तर प्राडोत तो ५९९०, म्हणजे २९९० अधिक ३०००, सरळ बेरीज. म्हणून या गाडीत जीव्हीएम सांभाळला की तो आपोआप सांभाळला जातो. सगळ्या गाड्यांत असं नसतं. मागच्या पिढीची फोर्ड रेंजर साडेतीन टन ओढते म्हणून मिरवायची. जीव्हीएम ३२००, पण जीसीएम ६०००. साडेतीन टन मागे लावले की गाडीला स्वतःसकट अडीच टन उरतात, आणि ती रिकामीच सव्वादोन टनांच्या घरात. म्हणजे दोन माणसं, थोडं सामान, संपलं.

ब्रेकबद्दल. आमच्या कॅरॅव्हॅनला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत आणि ते चालवायला गाडीत कंट्रोलर लागतो. आम्ही रेडार्कचा टो-प्रो एलिट बसवला, अ‍ॅडलेडची कंपनी. डॅशबोर्डवर फक्त एक गोल खुंटी दिसते. ती फिरवून कॅरॅव्हॅनने किती जोराने ब्रेक लावायचा ते ठरवायचं. कमी ठेवला तर कॅरॅव्हॅन मागून ढकलते, जास्त ठेवला तर मागून कोणीतरी कॉलर धरल्यासारखं वाटतं. निघताना रिकाम्या रस्त्यावर दोनदा हळू ब्रेक मारून लावून घ्यायचा. खुंटी दाबली की गाडीचे ब्रेक न लागता फक्त कॅरॅव्हॅनचे लागतात, आणि हेलकावे सुरू झाले तर करायचं तेच: गॅसवरचा पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, खुंटी दाबायची. गाडीचा ब्रेक जोरात मारायचा नाही. नवरा आणि मी दोघांनीही मोकळ्या रस्त्यावर ते दाबून बघितलं आहे; वेळ आल्यावर खुंटी शोधत बसायला नको. ज्यांची कॅरॅव्हॅन प्लेटवरच्या जीटीएमप्रमाणे, म्हणजे जोडलेली असताना तिच्या स्वतःच्या चाकांवर, २००० किलोंच्या वर जाते त्यांना ब्रेकअवेही सक्तीचं. कॅरॅव्हॅन सुटलीच तर तिची स्वतःची बॅटरी ब्रेक लावून धरते, किमान पंधरा मिनिटं. ती बॅटरी चार्ज आहे का ते निघताना बघावं, बरेच जण बघत नाहीत.

ट्रक ओलांडून जातात तेव्हाची गोष्ट वेगळी. बी-डबल, म्हणजे दोन ट्रेलर जोडलेला ट्रक, मागून आला की आधी त्याच्या पुढची हवा कॅरॅव्हॅनला डावीकडे ढकलते, मग तो शेजारून जाताना आत ओढते. या जोडीत ते कळतं, पण हात घट्ट करावे लागत नाहीत. याचं श्रेय मी प्राडोच्या वजनाला देते. बॉलवरचा भार सोडून भरलेली गाडी २७६० आणि मागची २३९०. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंतच कॅरॅव्हॅन घ्या असा सल्ला देतात. ऑस्ट्रेलियात तसा नियम नाही, लोक दोन टनांच्या यूटमागे (पिकअपमागे) तीन टन घेऊन हिंडतात आणि कायदा काही म्हणत नाही. मी म्हणते. ओढणारा ओढल्या जाणाऱ्यापेक्षा जड असावा. बाकी यूएचएफ रेडिओवर १८ आणि ४० हे चॅनेल ठेवावेत, ट्रकवाले आधी सांगतात आणि बहुतेक वेळा नीट बोलतात.

जुनी प्राडो शोधणाऱ्यांना एक सूचना. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० मध्ये विकल्या गेलेल्या २.८ डिझेल गाड्यांच्या डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या, फिल्टरवरून ग्राहकांनी दावा लावला होता, तो हायकोर्टापर्यंत (इथलं सर्वोच्च न्यायालय) गेला आणि २०२४ मध्ये निकाल लागला. त्या काळातली गाडी असेल तर त्या फिल्टरचं काय काम झालं आहे त्याचे कागद मागून घ्या. नवी २५० मालिकेतली प्राडो २०२४ च्या अखेरीस आली आणि ती ३५०० ओढते. लगेच साडेतीन टनांच्या कॅरॅव्हॅन बघायला लागलेले लोक मला माहीत आहेत. त्यांना मी जीव्हीएम विचारते, मग विषय बदलतो.

आणि शेवटी तो प्रश्न जो मला सगळ्यात जास्त विचारला जातो: आहे ती गाडी ठेवून कॅरॅव्हॅन घेता येईल का? आपल्या लोकांकडे आरएव्ही४ हायब्रिड भरपूर. २०१९ मध्ये आलेल्या मॉडेलची टू व्हील ड्राइव्ह असेल तर ४८० किलो, त्यात कॅरॅव्हॅन सोडा, बऱ्यापैकी भरलेला बॉक्स ट्रेलरही जपून. तीच ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर १५०० किलो, म्हणजे छोटा कॅम्पर ट्रेलर आरामात. नाव एक, रंग एक, आकड्यात तिपटीचा फरक, म्हणून आपली कोणती आहे ते आधी बघा. क्लुगरला २०००, तिच्यामागे एका अ‍ॅक्सलची, पॉप-टॉप (थांबल्यावर छत वर उचलायची), भरून सोळाशे-सतराशेपर्यंतची घेतली तर चौघांचं कुटुंब छान फिरेल, आणि वाऱ्यालाही कमी लागेल. टेस्ला मॉडेल वायला १६००, पण रेंज निम्म्याच्या आसपास येते असं धरून चला आणि चार्जर शोधताना कॅरॅव्हॅन सोडून ठेवायला जागा लागते हे लक्षात ठेवा. बहुतेक चार्जिंगच्या जागा गाडी मागे घेऊन लावायच्या असतात.